बाबांची सॅक रिकामी करण्याआधी

नमस्कार मंडळी.

डोंगरात आयुष्य घालवलेला माणूस गेला की शोकसभेतली भाषणं साधारण ठरलेली असतात. किल्ले किती, घाटवाटा किती, कोकणकडा कितीदा, अलंग-मदन-कुलंग कितीदा. आकडे खरे असतात. पण पहिल्या रांगेत बायको-मुलं बसलेली असतात, आणि त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येतं: 'घरच्यांची साथ होती म्हणून...' डोंगरातला एक माणूस आणि घरातला दुसरा, अशी वाटणी आपण करून टाकतो. त्याने स्वतः ती कधी केलेली नसते. याचा पुरावा त्याच्या सामानात असतो आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तो नाहीसा होतो, तोही आवराआवर करणाऱ्यांच्या चांगुलपणामुळे. म्हणून आज गुणगान बाजूला ठेवून सामानाबद्दल बोलू.

सगळ्यात आधी फोन. प्रीपेड नंबर वापरात नसला तर साधारण ९० दिवसांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर सहसा पुसलं जातं. गूगलच्या खात्याला दोन वर्षं मिळतात. तेव्हा सिम चालू ठेवा, छोटं रिचार्ज मारत राहा. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात, ते वेगळंच. ग्रुपवर आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात. मूळ फोटो ज्यांनी काढले त्यांच्याकडून ते ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. घड्याळात किंवा अ‍ॅपमध्ये चाललेल्या वाटांची नोंद असेल तर ती जीपीएक्स (वाटेची नोंद दुसऱ्या अ‍ॅपमध्येही उघडणारी) फाइल म्हणून बाहेर काढा. अ‍ॅप बंद पडलं की त्या वाटा गेल्याच म्हणून समजा.

दुसरं काम दाराशी. तेराव्यापर्यंत भेटायला जी माणसं येतात, त्यांतली निम्मी घरच्यांनी कधी पाहिलेलीही नसतात. त्यांच्यासाठी दोनशे पानी वही ठेवा. नाव, फोन नंबर आणि 'पहिली भेट कुठे झाली', एवढे तीनच रकाने. आठवणी लिहायला सांगू नका. त्या दिवसांत माणूस 'दिलदार', 'हसतमुख' असं काहीतरी लिहितो आणि निघून जातो. 'नाणेघाट, पावसात, चहाच्या टपरीवर' एवढं लिहिलेलं असलं तर सहा महिन्यांनी त्या माणसाकडे जाता येतं.

आता सॅक. ती रिकामी करायच्या आधी जशी आहे तशी तिचा फोटो काढा. मग एकेक कप्पा उघडा आणि प्रत्येक कप्प्यातल्या वस्तू पांढऱ्या चादरीवर त्याच क्रमाने मांडून पुन्हा फोटो. वरच्या कप्प्यात बहुधा शिट्टी, मेणबत्तीचा तुकडा, सेफ्टी पिना, लिमलेटच्या गोळ्या, नायलॉनची दोरी, एस.टी.ची तिकिटं सापडतील. टॉर्चमधले सेल त्याच दिवशी काढा, गळले की टॉर्च खाऊन टाकतात. विंडचीटर आणि मफलर मात्र लगेच धुवायला टाकू नका. धुराचा, घामाचा वास एका धुण्यात जातो आणि परत आणता येत नाही. पूर्ण कोरडे करून सुती पिशवीत ठेवा, वर्षभराने काय ते ठरवा. ओलसर ठेवलेत तर आपल्या हवेत पंधरा दिवसांत बुरशी धरेल, मग धुण्यावाचून इलाज नाही.

तिकिटांमध्ये जाड पुठ्ठ्याचं जुनं रेल्वेचं तिकीट असेल तर जपा. त्यावरची तारीख कडेला दाबलेल्या ठशाने उमटलेली असते, शाई उडालेली असते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरून तिरपा उजेड टाकला की आकडे वर येतात.

यानंतर वह्या. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. जुन्या ट्रेकरच्या वहीत निसर्गवर्णन फार कमी असतं. गाडीची वेळ, कुठे पाणी होतं, कुठल्या टाक्याचं (कातळात कोरलेल्या हौदाचं) पाणी खराब, कातळटप्पा किती फुटांचा, आणि हिशेब: तांदूळ, कांदे, रॉकेल, माणशी वर्गणी. हे रूक्ष म्हणून मुलं दोन पानांनंतर वही मिटतात. पण याच वह्यांमधून एक गोष्ट करता येते, आणि माझ्या मते सगळ्या स्मरणकार्यात तीच सर्वांत मोलाची आहे.

एका वर्षाला एक कागद घ्या, त्यावर ५२ चौकोन आखा. ज्या शनिवार-रविवारी ते डोंगरात होते ते चौकोन रंगवा. तारीख नसेल तर शोधता येते. 'शनिवार, कोजागरी, राजगड' एवढीच नोंद असली तरी कोजागरी शनिवारी येते ती दहा-बारा वर्षांत एकदोनदाच. जुनं पंचांग घेऊन बसा, वर्ष हाती लागतं. रंगवून झालं की रिकाम्या चौकोनांकडे बघा. पावसाळ्यानंतरचा ऐन हंगाम, सगळे मित्र रतनगडावर, आणि यांचे सलग सात आठवडे कोरे. असं का, हे वहीत नसतं. हा कागद त्यांच्या पत्नीपुढे ठेवा. त्या बोट ठेवून सांगतील: सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धाकटीची दहावी, ओव्हरटाइम घेतलेला महिना. न गेलेल्या ट्रेकची ही यादी कुठल्याही शोकसभेत वाचली जात नाही. घरावर जीव असलेला माणूस कसा होता, हे मात्र तीच सांगते. आणि खरं सांगायचं तर काही वेळा ती उलटही सांगते. चौकोन रंगलेला असतो आणि घरी तेव्हा कुणी तापाने फणफणत असतं. तेही लिहून ठेवा. काही गोष्टी लपवून काढलेली स्मरणिका घरच्यांनाच खोटी वाटते.

वह्यांच्या टाचण्या गंजतात, त्या हलकेच काढा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोऱ्या पानांचा आणि कव्हरांचाही. मागच्या कव्हरवर पेन्सिलीने काय काय लिहिलेलं असतं!

नकाशे असतील तर ते सर्व्हे ऑफ इंडियाचे. वहीत नुसतं '४७ ई' किंवा '४७ एफ' दिसलं तर गोंधळू नका. ४७ हा अक्षांश-रेखांशांचा चार-चार अंशांचा चौकोन, त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग म्हणजे अक्षरं, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग म्हणजे पुढचा आकडा. हरिश्चंद्रगड, अलंग वगैरे 'ई'मध्ये, राजगड-तोरणा 'एफ'मध्ये, महाबळेश्वरचा भाग 'जी'मध्ये. जुने नकाशे इंचाला मैल, नंतरचे १:५०,०००, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा अजिबात खोडू नका. घडीवर कागद फाटतो, म्हणून जाड नळीवर गुंडाळून ठेवा.

फोटोंचं सांगतो. १९६०-७०च्या दशकातल्या घरांत आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याचे फोटो असतात. एका रोलमध्ये बारा, चौकोनी, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हचे. पुढे ३५ मिलिमीटर, पुष्कळदा ऑर्वो कंपनीची फिल्म. निगेटिव्ह मिळाली तर प्रिंट बाजूला ठेवा, मूळ माल निगेटिव्ह आहे. डब्यात व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म कुजायला लागली आहे. ती इतरांपासून लगेच वेगळी करा आणि आधी तिचंच स्कॅनिंग करा. फिल्मची मंद, कमी चकाकणारी बाजू रसायनाची, तिला बोट लावायचं नाही. तिच्यावर बुरशी दिसली तर ओल्या कापडाने पुसायचा मोह होतो. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि पुसताना चेहराच निघून येतो. ती तशीच स्कॅन करा, डाग संगणकावर काढता येतात.

३५ मिलिमीटरची फ्रेम ३२०० डीपीआयने (इंचाला ३२०० ठिपके) स्कॅन केली की साधारण ४५०० बाय ३००० ठिपक्यांचं चित्र मिळतं. टिफ फाइल सुमारे ४० एमबीची, म्हणजे छत्तीसच्या रोलला दीड जीबी. हल्लीच्या हार्ड डिस्कपुढे हे काहीच नाही, उगाच जेपेग करून, म्हणजे फाइल दाबून लहान करून, काटकसर करू नका. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि शोकसभेत मूळ स्लाइड प्रोजेक्टरला लावून दहा-दहा मिनिटं पडद्यावर ठेवू नका, दिव्याने रंग उडतो.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने उपटले की कोपरे तुटतात. दात साफ करायचा फ्लॉस फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन.

साधनांबद्दल थोडक्यात, पण ठाम. त्यांचा रोप कुणाही चढाई करणाऱ्या पोराला 'आठवण' म्हणून वापरायला देऊ नका. नायलॉन न वापरताही जुनं होतं. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात, आणि तो रोप कितीदा झटका खाऊन बसलाय हे सांगणारा माणूस आता नाही. वाटल्यास हात-हात लांबीचे तुकडे करून दोस्तांना द्या. हार्नेस (कमरेचा पट्टा), स्लिंग (पट्टीचे फास) यांनाही तोच नियम. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, भिंतीवर छान दिसतात, पण 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधा. लाकडी दांड्याची आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) असेल तर दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल, पात्याला मशीनचं तेल. बुटांचे तळवे हात लावताच भुग्यासारखे झडले तर दोष तुमचा नाही. पॉलियुरेथेन दमट हवेत आपोआप मरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर मरतं, एवढंच.

आता माणसं. मुलाखत फोनवरच रेकॉर्ड करा, पण फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, अंतर हातभर. सुरुवातीला तारीख, ठिकाण, नाव बोलून घ्या. पाऊण तासापेक्षा जास्त नको, समोरचा थकतो आणि मग ऐकीव गोष्टी सुरू होतात. 'ते कसे होते?' विचारलंत तर 'देवमाणूस' हे उत्तर मिळेल. 'रविवारी रात्री घरी आल्यावर सॅक कुठे ठेवायचे? जेवण गरम कोण करायचं? उशीर झाला तर निरोप कुणाच्या फोनवर यायचा?' असं विचारा. पूर्वी चाळीत एकाच घरी फोन असायचा. त्या शेजारणीकडे अर्धा इतिहास असतो. दोन जुने दोस्त असतील तर आधी वेगवेगळे बसवा, मग एकत्र. आधीच एकत्र बसवले तर ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण टिकते. पायथ्याच्या गावी जा, जिथे त्यांचं पिठलं-भाकरीचं घर ठरलेलं होतं. तिथे त्यांना कदाचित वेगळ्याच नावाने ओळखतात, आणि गड त्या मावशींना आठवणारच नाही. आणून दिलेलं औषध आठवेल, लेकीच्या लग्नाला बायको-मुलांना घेऊन आले होते ते आठवेल.

गडावर फलक लावायचा विचार मात्र सोडा. संरक्षित स्मारकावर तो बेकायदा आहे. १९५८चा केंद्राचा कायदा आणि त्याची २०१०ची दुरुस्ती यांमुळे केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अस्थी टाक्यात सोडणं तर त्यांनीच कुणाला करू दिलं नसतं. ते पाणी लोक पितात. पैसे खर्चायचेच असतील तर पायथ्याच्या गावाला एक घडीचं स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी द्या, आणि पेटीतली औषधं दरवर्षी बदलायची जबाबदारी घरातल्या एकाच्या नावावर टाका. नाहीतर तिसऱ्या वर्षी तिच्यात मुदत संपलेल्या गोळ्या उरतात.

शेवटी एक पाकीट उरेल: ओळख न पटलेले फोटो. कुठला तरी कडा, कुणाच्या तरी खांद्यावर चार वर्षांचं मूल. हे फेकू नका आणि अंदाजाने नावंही घालू नका. वर्षश्राद्धाला मित्रमंडळी जेवायला येतील तेव्हा पानं वाढायच्या आधी ते टेबलावर पसरा. हात कोरडे हवेत. कुणी ओळखलं तर फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहायचं नाही, दाब पुढे उमटतो. प्रत्येक फोटोला वेगळं कागदी पाकीट करा, पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहा आणि मग फोटो आत सरकवा. कोणी ओळखलं, त्याचंही नाव लिहा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी येऊन म्हणेल, 'छे, हा तो कडा नव्हेच.'