ए-लेव्हलचे विषय: निवड आणि अभ्यास

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या ज्या मराठी घरांत यंदा जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, बसणारी मुले आहेत, त्या घरांसाठी आजचे हे भाषण आहे. जीसीएसईची परीक्षा जूनमध्ये संपते, निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि सप्टेंबरमध्ये सिक्स्थ फॉर्म, म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षे, सुरू होतो; पण त्या दोन वर्षांअखेरच्या ए-लेव्हल परीक्षेला कोणते तीन विषय घेणार, हे बहुतेक शाळा त्याच्या कितीतरी आधी मुलांकडून लिहून घेतात. म्हणजे निर्णयाची वेळ आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर येते. स्कॉटलंडमधली हायरची पद्धत वेगळी असल्यामुळे तिच्याविषयी आज बोलणार नाही.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. तिथे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स किंवा आर्ट्स अशी शाखा निवडली की बरेचसे विषय शाखेबरोबरच ठरून येतात. ए-लेव्हलला शाखा नसते. रसायनशास्त्र, इतिहास आणि गणित हे तीन विषय एकत्र घेता येतात, आणि ती निवड कोणत्याही अंगाने कमी प्रतीची ठरत नाही. तरीही आपल्या घरांतली चर्चा पुष्कळदा ‘सायन्सला जायचे की नाही’ याच प्रश्नापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. मला वाटते, प्रश्न वेगळ्या रीतीने विचारायला हवा. न घेतल्यामुळे पुढची वाट बंद होते असे विषय ए-लेव्हलला फार थोडे आहेत. ते कोणते आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी, एवढे पालकांनी नीट समजून घ्यावे. त्यापलीकडची निवड मुलाची किंवा मुलीची असावी. हे मी केवळ मुलांच्या सुखासाठी म्हणत नाही. नामांकित विद्यापीठांचा प्रवेश ग्रेडवर होतो, आणि सलग दोन वर्षे मनापासून करता येईल त्याच विषयात वरची ग्रेड मिळण्याची शक्यता अधिक असते.

न घेतल्यास वाट बंद होते अशा विषयांत पहिला विषय गणित. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स यांना ते लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. अर्थशास्त्रालाही ते लागते, हे मात्र पुष्कळांना उशिरा कळते. केंब्रिज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि वॉरिक या ठिकाणी अर्थशास्त्राच्या पदवीसाठी ए-लेव्हलचे गणित अनिवार्य आहे. ए-लेव्हलचे अर्थशास्त्र अनिवार्य नाही. कॉम्प्युटर सायन्सचेही तसेच आहे. आघाडीची विद्यापीठे गणित मागतात आणि त्याच नावाचा ए-लेव्हल विषय नसला तरी चालवून घेतात. विषयाचे नाव पदवीच्या नावाशी जुळले की काम झाले, असे समजून गणित सोडणाऱ्या मुलाचे नुकसान होते, आणि ते ए-लेव्हलच्या शेवटच्या वर्षात भरून काढणे फार अवघड जाते.

गणिताला जोडून फर्दर मॅथ्स या प्रगत गणिताच्या वेगळ्या विषयाचा विचार करावा लागतो. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, अवकल समीकरणे असा त्याचा गाभा आहे. गणिताच्या पदवीसाठी केंब्रिज आणि इंपीरियलसारख्या ठिकाणी तो जवळजवळ गृहीत धरला जातो. केंब्रिज त्यावर ‘स्टेप’ ही वेगळी परीक्षाही घेते. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी तो पुष्कळ ठिकाणी बंधनकारक नसला, तरी घेतलेला बरा. मात्र ज्या मुलाला जीसीएसईचे गणित कष्टाने जमले आहे, त्याला केवळ प्रतिष्ठेसाठी फर्दर मॅथ्सला बसवू नये. हा विषय वेगाने शिकवला जातो, आणि मागे पडलेल्या मुलाचे साधे गणितही त्याच्याबरोबर मागे पडते.

दुसरा विषय रसायनशास्त्र. मेडिसिनला जायचे असेल तर तो घ्यावाच. जीवशास्त्र हा मेडिसिनचा मुख्य विषय असावा असे कोणालाही वाटेल, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी रसायनशास्त्र अनिवार्य आहे आणि त्याच्या जोडीला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणित यांपैकी एक चालते. इतर अनेक मेडिकल स्कूल रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे दोन्ही मागतात, म्हणून दोन्ही घेणे शहाणपणाचे. मग उरलेला तिसरा विषय? तो विज्ञानाचाच असला पाहिजे, असे नाही. इतिहास, इंग्रजी साहित्य किंवा फ्रेंच घेऊनही मुले डॉक्टर होतात. गणित घेतले तर उत्तमच. पण गणित आणि फर्दर मॅथ्स हे दोन्ही घेतले, तर काही मेडिकल स्कूल ते दोन वेगळे विषय म्हणून मोजत नाहीत, हे लक्षात ठेवावे. पुढे भारतात परत जाऊन तिथे एमबीबीएस करण्याचा विचार घरात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथल्या नीट परीक्षेच्या पात्रतेसाठी भौतिकशास्त्रही लागते, आणि तो निर्णय आत्ताच करावा लागतो.

इंजिनिअरिंगसाठी गणिताबरोबर भौतिकशास्त्र, इंग्रजी साहित्याच्या पदवीसाठी इंग्रजी साहित्य, भाषांच्या पदवीसाठी ती भाषा, ही यादी समजायला सोपी आहे. कायद्याच्या बाबतीत मात्र मोठा गैरसमज आहे. कायद्याच्या पदवीला सहसा कोणताही ठरावीक विषय लागत नाही, ए-लेव्हलचा ‘लॉ’ तर नाहीच. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, किंग्ज अशी विद्यापीठे एलनॅट ही स्वतंत्र परीक्षा घेतात. तिच्यात उतारा वाचून युक्तिवाद समजून घेणे आणि निबंध लिहिणे यांची कसोटी असते. त्यासाठी इतिहास किंवा इंग्रजी साहित्यासारखा, लिहिण्याची सवय लावणारा विषय हाताशी असावा.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती अजून पालकांच्या तोंडी ऐकू येते. रसेल ग्रुप हा इथल्या चोवीस संशोधनप्रधान विद्यापीठांचा गट. त्याने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगोल, इतिहास, इंग्रजी साहित्य आणि भाषा यांना अनेक वाटा खुल्या ठेवणारे विषय म्हटले होते. त्या यादीबाहेरचा विषय घेतला की चांगले विद्यापीठ दुरावते, असा अर्थ लोकांनी काढला. अखेर २०१९ मध्ये गटानेच ती यादी मागे घेतली. त्यामुळे समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र किंवा चित्रकला मुलाने मागितली म्हणून घाबरून जाऊ नये. तीनपैकी दोन विषय पदवीच्या गरजेप्रमाणे पक्के असतील, तर तिसऱ्याला मोकळीक द्यावी.

चार विषय घेतले की अर्ज भारी दिसतो, हाही असाच एक समज आहे. विद्यापीठांची ऑफर, म्हणजे ठरावीक ग्रेड मिळाल्यास प्रवेश देण्याचे आश्वासन, जवळजवळ नेहमी तीन विषयांवर असते. केंब्रिजची नेहमीची ऑफर विज्ञानासाठी दोन ए-स्टार (ही सर्वांत वरची ग्रेड) आणि एक ए अशी आहे. कला आणि मानव्यविद्यांसाठी बहुधा एक ए-स्टार आणि दोन ए. चार विषयांत ए मिळवण्यापेक्षा तीन विषयांत ए-स्टार मिळवणे उपयोगाचे. याला खरा अपवाद फर्दर मॅथ्सचा. तो चौथा म्हणून घ्यावा, आणि पहिल्या काही आठवड्यांत झेपतो की नाही हे प्रामाणिकपणे पाहावे. ज्याला वाचनाची आणि शोध घेण्याची आवड आहे, त्याने चौथ्या विषयाऐवजी ईपीक्यू, म्हणजे स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा दीर्घ प्रकल्प करावा. तो पूर्ण केल्यास काही विद्यापीठे ऑफर थोडी सौम्य करतात.

ओळखीच्या कोणाचा मुलगा कोणते विषय घेऊन कुठे गेला, ही माहिती आपल्या समारंभांत भरपूर मिळते. ती ऐकावी, पण तिच्यावर निर्णय घेऊ नये, कारण अटी विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलतात. मेडिसिनसाठीची बीमॅट ही परीक्षा २०२३ नंतर बंद झाली आणि ती घेणारी विद्यापीठे यूकॅट या दुसऱ्या परीक्षेकडे वळली. त्याआधीचा सल्ला मनात धरणारा मुलगा चुकीच्या परीक्षेची तयारी करत बसला असता. मुलाला आवडणारे चार-पाच अभ्यासक्रम घ्यावेत, प्रत्येकाच्या विद्यापीठाच्या पानावर ‘आवश्यक’ आणि ‘उपयुक्त’ विषय कोणते लिहिले आहेत ते मुलाने स्वतः वहीत उतरवावे, आणि मग आई-वडिलांनी त्याच्या शेजारी बसून ती वही वाचावी. संध्याकाळभराचे काम आहे, आणि ते मुलाने करणे महत्त्वाचे आहे.

आता अभ्यासाविषयी. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ए-लेव्हल टप्प्याटप्प्याने बदलली आणि दोन्ही वर्षांचा सगळा अभ्यास शेवटच्या मे-जूनमधल्या परीक्षांवर आला. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पहिल्या वर्षाच्या एएस परीक्षेचे गुण अजून धरले जातात. पण इंग्लंडमध्ये सगळी परीक्षा शेवटी असते, म्हणून पहिले वर्ष सैल सोडता येते, असे समजणे घातक आहे. विद्यापीठाचा अर्ज यूकॅस या प्रवेश-अर्जांच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो तो दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिसिनच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते. त्या अर्जात शिक्षक ज्या अपेक्षित ग्रेड लिहितात, त्यांचा मुख्य आधार पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातली शाळेची परीक्षा असतो. म्हणजे शेवटच्या चार महिन्यांत जोर लावून बोर्डाची परीक्षा मारण्याची जी पद्धत आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली, ती इथे कामाला येत नाही. तो जोर लागेपर्यंत अर्ज जाऊन उत्तरेही आलेली असतात.

जीसीएसईला नऊ ही सर्वांत वरची ग्रेड मिळाली म्हणून ए-लेव्हल सोपी जाईल, असेही नाही. उडी मोठी आहे, आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणवते. जीसीएसईला माहिती नीट पाठ असली की पुष्कळ साधते; ए-लेव्हलचे प्रश्न ती माहिती अनोळखी प्रसंगाला लावायला सांगतात. त्यात गणित सगळीकडे शिरलेले असते. भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांत किमान ४० टक्के, रसायनशास्त्रात २० टक्के आणि जीवशास्त्रात १० टक्के गुण गणिती कौशल्यांना असतात. गणित न घेता भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलाने हा आकडा आधी पाहावा.

अभ्यासाचे सर्वांत उपयोगी साधन फुकट मिळते, आणि तरी फार कमी मुले ते पूर्ण वापरतात. एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल, एज्युकास ही परीक्षा मंडळे आपापला अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, गुण देण्याच्या सूचना आणि परीक्षकांचे अहवाल प्रसिद्ध करतात. मुलाचे मंडळ कोणते हे आधी शाळेला विचारावे, कारण तीन विषयांची तीन वेगळी मंडळे असू शकतात. परीक्षकांचा अहवाल विशेष वाचावा. मुलांनी कुठे गुण घालवले, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. उदाहरणार्थ, सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रियेची पायरी दाखवणारा वाकडा बाण बंधापासून किंवा इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोडीपासून निघाला पाहिजे. तो नुसत्या अणूपासून काढला तर रसायनशास्त्र समजलेले असूनही गुण जातो. गणितात ‘हेन्स’ (म्हणजे ‘यावरून’) म्हणून विचारले असेल, तर आधीच्या भागाचे उत्तर वापरूनच पुढे जावे लागते. दुसऱ्या मार्गाने आलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण मिळतीलच असे नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका मात्र जपून वापराव्यात. नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिका मुळात थोड्या वर्षांच्या आहेत, आणि २०२० व २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमुळे नेहमीच्या परीक्षा झाल्याच नाहीत. पहिल्या वर्षातच पेपरांमागून पेपर सोडवून संपवले, तर शेवटी खरी चाचणी घ्यायला काही उरत नाही. धडा झाला की त्या धड्यापुरते प्रश्न सोडवावेत, वही मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहून पाहावे, चुकलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा सोडवावा. पूर्ण पेपर घड्याळ लावून दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीनंतर सोडवावेत आणि सर्वांत अलीकडचे दोन अगदी शेवटी ठेवावेत. इतिहास आणि इंग्रजी साहित्यात वर्षभर लिहून द्यायच्या निबंधाला २० टक्के गुण असतात. तो वसंतापर्यंत लांबवला, तर उजळणीचे दिवस त्यातच जातात.

क्लास लावावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मुलाला नेमके काय कळत नाही हे त्याला स्वतःला सांगता येत असेल, तर आठवड्यातला एक तास उपयोगी पडतो. ते सांगता येत नसेल, तर आधी शाळेतल्या शिक्षकांकडे जावे. तिन्ही विषयांना क्लास लावलेल्या मुलाला स्वतः बसून प्रश्नाशी झुंजायला वेळच मिळत नाही, आणि ए-लेव्हलची तयारी त्या झुंजण्यातच होते.

यूकॅसमध्ये पाच पर्याय देता येतात. मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि पशुवैद्यकासाठी मात्र चारच, आणि पाचवा पर्याय दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाचा देता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. ऑफर हाती आल्या की त्यांतली एक पहिली पसंती म्हणून आणि दुसरी राखीव म्हणून ठेवायची असते. राखीव ऑफर पहिलीपेक्षा खरोखर खालच्या ग्रेडची असावी. दोन्ही ऑफर सारख्याच ग्रेडच्या ठेवल्या, तर ऑगस्टमध्ये एक ग्रेड हुकताच दोन्ही जातात, आणि मग क्लिअरिंगमध्ये उरलेल्या जागा शोधाव्या लागतात. पुन्हा परीक्षा देता येते, पण इंग्लंडमध्ये ती त्या विषयाच्या सगळ्या पेपरांची आणि पुढच्या उन्हाळ्यातच असते. शिवाय काही मेडिकल स्कूल दुसऱ्या प्रयत्नातल्या ग्रेड स्वीकारत नाहीत. म्हणून राखीव पर्याय भरण्यापूर्वी, त्या विद्यापीठात मुलाला खरोखर तीन वर्षे राहून शिकायला आवडेल का, हे त्याला विचारावे, आणि शक्य असल्यास त्यांच्या ओपन डेला त्याला घेऊन जाऊन यावे.