हत्तीपण हेच म्हणाला होता

मंडळी, परवा आमच्या पोरीने मला हत्ती ठरवलं. वजनावरून नाही हो, तेही चाललं असतं.

तिला इथे केनियातल्या शाळेत, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटांनी लिहिलेली गोष्ट आलीय, १९३८ च्या 'फेसिंग माउंट केनिया'मधली. पावसात हत्ती माणसाला म्हणतो, नुसती सोंड ठेवू दे झोपडीत. मी लगेच शहाणपणा केला, अगं ही तर आमची उंटाची आणि तंबूची, पुस्तकात होती. ती म्हणाली बाबा, पुढे वाचा. पुढे हत्ती अख्खा आत, माणूस बाहेर गारांत, वर हत्ती म्हणतो तुझी कातडी माझ्यापेक्षा राठ आहे, तुला चालेल. मग सिंह चौकशी कमिशन नेमतो, गेंडा, रेडा, मगर, बिबट्या, अध्यक्ष कोल्होबा, आणि माणसाने आमच्यातला एक तरी घ्या म्हणलं तर जंगलाचा कायदा कळण्याइतका शिकलेला तुमच्यात कोणी नाही म्हणे. निकाल हत्तीकडे, कारण झोपडीतली मोकळी जागा त्याने बसून उपयोगात आणली! हा टोला इंग्रज सरकारच्या १९३२ च्या कार्टर कमिशनला, केनियातल्या जमिनीच्या वादावरचं, त्यात एकही आफ्रिकन मेंबर नव्हता. शेवटी माणूस एक मोठ्ठी झोपडी बांधतो, सगळे जनावर आत घुसले की पेटवून देतो.

पोरीने विचारलं, यात आपण कोण? मी म्हणलं आपण नाहीच यात, तेव्हा आपल्या भारतीयांनाही हायलँड्समध्ये, म्हणजे गोऱ्यांसाठी राखलेल्या डोंगराळ भागात, जमीन घेऊ देत नव्हते. बायको आतून म्हणाली, आपण कोल्ह्याच्या ऑफिसातले क्लार्क. झालं, यावरून जेवणात जी जुंपली! आपले किती गोवेकर इंग्रजांच्या सरकारी ऑफिसांत क्लार्क होते, उगाच का बोलली ती.

त्याच रात्री धो धो पाऊस. गेटवर अस्करी, म्हणजे आपला वॉचमन, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. पोरगी म्हणाली त्याला व्हरांड्यात बोलवा ना. मी चिऊताईसारखं थांब थांब केलं, मग तोंडातून गेलं, अगं त्यांना सवय असते.

ती म्हणाली, हत्तीपण हेच म्हणाला होता.

आता हसताय, पण आपल्या ग्रुपवर अस्करी झोपतात म्हणून महिन्यातून किती मेसेज येतात बघा. गणपतीच्या मखराला वर्गणी एका दिवसात जमली. या हॉलच्या गेटवरचा पत्रा गेल्या पावसाळ्यापासून गळतोय, मीही त्याच्याखालूनच आत आलो, प्रत्येक मीटिंगला.

आज गाडीत पोरीने परत विचारलं, बाबा आपण नक्की कोण? मी रेडिओ लावला.