अडचण नाही, फक्त पद्धत बदलली

आधी एक करू. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, असे, आणि खुर्चीतून उठा. पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं, मधे थांबायचं नाही. ज्यांना चक्कर येते किंवा गुडघे दुखतात त्यांनी नुसतं बघा, उगाच हिरोगिरी नको.

झालं? आता खरं सांगते, मी तुमचे सेकंद मोजतच नव्हते. कोणाचा हात नकळत सुटून मांडीवर टेकला ते बघत होते. चार-पाच जण दिसले, नावं नाही घेत. पण त्यांनाच मी फॉर्म घेऊन विचारलं असतं की खुर्चीतून उठायला अडचण येते का, तर उत्तर आलं असतं, छे, अजिबात नाही. आणि हे खोटं नाहीये हं. त्यांना खरंच अडचण येत नाही, कारण त्यांनी हात टेकवायला सुरुवात केलीय.

मी फिजिओथेरपिस्ट, आणि बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची मोजमापं घ्यायचं काम केलंय. स्टॉपवॉच, टेप, फॉर्मांची फाईल, आणि दर खेपेला तेच प्रश्न. त्या प्रश्नांचा उगम 1963 चा आहे. सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमनं सहा गोष्टींची यादी केली, अंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. त्यांच्या लक्षात आलं की या गोष्टी साधारण एका क्रमानं जातात, अंघोळ आधी आणि जेवणं सगळ्यात शेवटी, म्हणजे लहान मूल जे आधी शिकतं ते म्हातारपणी शेवटपर्यंत टिकतं. म्हणून घरात कोणी 'आज अंघोळ नको' असं वारंवार म्हणायला लागलं की मी कान टवकारते. तो आळस असेलही, पण ओल्या फरशीची भीतीसुद्धा असू शकते.

मग 1969 मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या दोन संशोधकांची दुसरी यादी आली, फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. ही कामं कॅट्झच्या यादीच्या बरीच आधी निसटायला लागतात म्हणून ती जास्त कामाची. यात एक गंमत म्हणजे सुरुवातीला पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे या तिन्हींचे मार्कच धरत नव्हते! म्हणजे बाईचा पेपर आठ प्रश्नांचा आणि बुवांचा पाच. हसू नका, प्रश्न खरा आहे, कारण ज्यानं आयुष्यात कधी चहा केला नाही त्याला आता तो करता येत नाही हे आजारपण धरायचं का? म्हणून 'करता का' आणि 'करू शकता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि फॉर्म भरणारा घाईत असला की हमखास एकाच्या जागी दुसरा विचारतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो तिसरा प्रश्न, तो म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आला. अडचण येते का, हे विचारून झालं, उत्तर 'नाही' आलं, तरी पुढं विचारायचं, की हे काम पूर्वीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं करता का, किंवा कमी वेळा करता का? इथं माणसं बोलायला लागतात. एका आजींनी मला आधी सगळं 'उत्तम' म्हणून सांगितलं, आणि हा प्रश्न आल्यावर हसत म्हणाल्या, अगं डबे आता खालच्या फळीवर आणलेत ना, म्हणून वर हात न्यावाच लागत नाही. मग हळूहळू बाहेर आलं की जिना दिवसातून एकदाच, अंघोळ स्टुलावर बसून, आणि शर्टाची बटणं आधीच लावून ठेवलेली, डोक्यातून घालायचं. चार जुगाड, आणि फॉर्मवर चारही ठिकाणी 'अडचण नाही'! हा जो मधला टप्पा आहे ना, स्वावलंबन आणि परावलंबन यांच्या मधला, तिथंच काहीतरी करता येतं आणि तोच आपण मोजत नाही. फ्राइड आणि मंडळींना दिसलं ते हेच, की अशी पद्धत बदललेल्या माणसांना पुढं खरी अडचण यायची शक्यता जास्त असते.

बरं, एकदा मोजून काय कळतं? फार थोडं. चालण्याचा वेग घ्या. 2011 मध्ये 9 अभ्यासांमधल्या 34,485 ज्येष्ठांचा डेटा एकत्र करून दाखवलं गेलं की नेहमीच्या चालीचा वेग आणि पुढचं आयुष्य यांचा चांगलाच संबंध आहे, चाल जेवढी वेगवान तेवढे लोक जास्त जगले. साहजिक आहे, चालायला हृदय, फुप्फुसं, स्नायू, नसा, डोळे, मेंदू सगळंच लागतं. पण हा हजारोंचा हिशोब झाला, एका माणसाची कुंडली नव्हे. कोणी जन्मभर सावकाशच चालत आलाय तर त्याला घाबरवून काय उपयोग? त्याची गेल्या वर्षीची चाल काय होती ते सांगा.

आणि एकदाच मोजून निष्कर्ष काढायचा, हे फार जुनं दुखणं आहे. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञांनी 1956 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला बुद्धीच्या क्षमतांचा अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासायचं. तरुण आणि म्हातारे शेजारी-शेजारी ठेवून तुलना केली की वाटायचं माणूस लवकरच उतरणीला लागतो, पण तीच माणसं वर्षानुवर्षं बघितली तर बऱ्याचशा क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकलेल्या दिसल्या. कारण आधीच्या पिढीला शाळाच कमी मिळाली होती आणि तो फरक आपण वयाच्या नावावर खपवत होतो. अर्थात उलटी फसवणूकही होते, जे जास्त आजारी ते दुसऱ्या खेपेला दारच उघडत नाहीत, मग उरलेल्यांची सरासरी मस्त दिसते. म्हणून माझ्या फाईलमध्ये 'भेट झाली नाही' असा शेरा असलेला कागद मी कधी रिकामा समजले नाही. अमेरिकेत 1992 पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत माणूस गेल्यावर त्याच्या जवळच्या माणसाची शेवटची मुलाखत घेतात, शेवटचे महिने कसे गेले, मदत कोण करत होतं वगैरे. जड काम आहे ते, पण नाही केलं तर सगळ्यात कठीण काळच नोंदीतून गळतो.

आता किती दिवसांनी बघायचं? वर्षातून एकदा, असं सगळे म्हणतात, त्यावर एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1998 ला 70 वर्षांवरच्या 754 जणांचा अभ्यास सुरू झाला, आणि त्यांनी दर महिन्याला फोन करून विचारलं की अंघोळ, कपडे, चालणं, खुर्चीतून उठणं जमतंय का. तेव्हा कळलं की ही उतरण सरळ रेषेत नसतेच, माणूस एका महिन्यात पडतो, परावलंबी होतो, आणि बहुतेक जण वर्षभरात परत उठतातही. पण एकदा उठलेला पुन्हा पडायची शक्यता जास्त. वर्षातून एकदा जाणाऱ्या माझ्यासारखीला यातलं काय दिसणार, मागच्या जूनला ठीक, या जूनला ठीक, मधे दोन महिने बाई अंथरुणात होत्या ते गायब. आणि अंथरूण म्हणजे काय चीज आहे बघा, एका छोट्या प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर पायांचं जवळपास 1 किलो मांस कमी झालं. आजार नाही, काही नाही, नुसतं झोपून. त्यामुळे हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचा आठवडा, ती मोजायची वेळ. वाढदिवसाची वाट कशाला बघायची?

घरी करायचं तर एक वही पुरते. खुर्ची तीच, जागा तीच, चप्पल-बूट तेच, वेळही शक्यतो तीच, आणि शेजारी कोणीतरी उभं. सेकंद लिहा, आणि बाजूला शब्दात लिहा, हात टेकवला का, श्वास लागला का, आज काय नवीन जुगाड दिसला. पहिल्या दोन-तीन वेळा आकडा सुधारेल, खूश होऊ नका, ती सवय असते.

माझ्या आईची अशी वही आहे. मागं एकदा तिचे पाच उठ-बस एकदम चार सेकंदांनी वाढले, मी घाबरले, रात्री भावाला फोन केला, डॉक्टरांची वेळ घेऊ म्हणून, तो पण टेन्शनमध्ये. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, अगं त्या खुर्चीवर कालपासून नवीन गादी टाकलीय, बूड आत रुततं. गादी काढली, आकडा जागेवर. आता वहीत तारखेच्या खाली ती स्वतःच लिहिते, 'गादी नाही'.