पुरवठादार निवडताना चौथा रकाना

कपडे शिवणाऱ्या कारखान्यातले हे तीन कागद पाहा. हजेरीपट, वेतनपट आणि तुटलेल्या सुयांची वही. कपड्यात सुईचा तुकडा राहू नये म्हणून शिलाई विभागात तुटलेली प्रत्येक सुई तारीख-वेळेसह या वहीत चिकटवतात. आता तारखा जुळवा. हजेरीपटावर रविवारी सुट्टी. वहीत त्याच रविवारी रात्री नऊला सुई तुटली आहे. म्हणजे मशीन चालू होतं, ओव्हरटाइम झाला आणि त्याची नोंद दाबली गेली. मुरलेले तपासनीस ही वही आधी मागतात. तपासणीपुरता वेगळा हजेरीपट लिहिता येतो. सुयांची वही बदलायचं सहसा कुणाला सुचत नाही.

हे दार आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी आहे. त्याला कुलूप आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्स या कपडे कारखान्याच्या आगीत किमान ११२ कामगार गेले. तिथेही दारं बंद होती.

अशा कारखान्यांतून पुरवठादार निवडणाऱ्या खरेदी विभागाच्या तक्त्यात मात्र रकाने तीनच असतात: दर, दर्जा, मुदत. कामगारांचा चौथा रकाना टिकतो तो सरकारी सक्तीने, आणि तो कसा मांडला यावर सगळं ठरतं. शंभरात सामाजिक निकषांना १० आणि दराला ६० गुण दिले, तर वेतन बुडवणारा पुरवठादार दर पाडून ते १० गुण सहज भरून काढतो. म्हणून किमान वेतन, उघडं दार, कामगाराचा पासपोर्ट त्याच्याच हातात, यांना गुण नकोत. या पात्रतेच्या अटी हव्यात: पूर्ण नसतील तर निविदेतलं दराचं पाकीट उघडायचंच नाही.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी नियमांत असा दात आहे. दर अवाजवी कमी दिसला की खुलासा मागायचा. कामगार कायदे मोडून तो कमी केल्याचं दिसलं की निविदा फेटाळावीच लागते. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा मोठ्या कंपन्यांकडून ती रोखायला काय केलं याचं वार्षिक निवेदन मागतो, पण ‘आम्ही काहीच केलं नाही’ एवढं लिहिलं तरी भागतं. अमेरिकेने जून २०२२ पासून चीनच्या शिनजियांग प्रांताचा माल सक्तीच्या श्रमाचा मानून अडवला आणि उलट सिद्ध करण्याचा भार आयातदारावर टाकला. तेव्हा कापूस कोणत्या शेतातला, इथपर्यंतची कागदपत्रं लागू लागली.

दोष सापडला की पुरवठादार सोडून देणं सोपं, पण त्यात आधी कामगाराची नोकरी जाते. जर्मनीत २०२३ पासून लागू झालेला पुरवठा साखळीचा कायदा संबंध तोडणं हा शेवटचा उपाय मानतो. त्याआधी मुदतीसह सुधारणेचा आराखडा, गरज पडल्यास व्यवहार तात्पुरता थांबवणं.