आकार नसलेल्या प्रथिनाचा पाठलाग

[दृश्य: नागपूर, सकाळ. कॅन्सर ओपीडीबाहेरचे बाक, मांडीवर फाइली.]

विदर्भातून येतात, सीमेपलीकडून मध्य प्रदेशातूनही येतात. या रांगेत बहुतेक साठीपुढचे, आजार प्रोस्टेटचा. फाइलमध्ये सगळ्यात वर पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा माग देणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, आकड्याभोवती निळ्या पेनाचा गोल.

[दृश्य: नर्स सिरिंज भरते.]

हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बंद पाडायचं. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागोत दाखवलं, की हे संप्रेरक तोडलं की आजार ओसरतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हेही खरं.

[दृश्य: कॉलेजचा वर्ग. फळा, खडू.]

आता फळ्याकडे बघा. ही अँड्रोजन रिसेप्टरची, म्हणजे पेशीत त्या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाची साखळी, सुमारे ९२० अमिनो आम्लांची. मॅडमनी उजवीकडे गोल काढलाय, तिथे खाच आहे. संप्रेरक तिथेच बसतं, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एन्झालुटामाइड हे संप्रेरकाची वाट अडवणारं औषधही तिथेच. डावीकडे नुसती नागमोडी रेघ. अर्ध्याहून जास्त रिसेप्टर म्हणजे हीच रेघ, आणि तिला ठरलेला आकार नाही. संक्रांतीनंतर तारेवर लटकलेला मांजा, वारा येईल तसा. पण जीन चालू करण्याचं मुख्य काम हिचंच! खाच नाही म्हणून औषधवाल्यांनी तिच्याकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली. आमच्या मते जरा लवकरच.

[दृश्य: डस्टर. उजवा गोल पुसला जातो.]

काही कॅन्सरपेशी नेमकं हेच करतात. त्यांच्यातल्या एआर-व्ही७ नावाच्या तोकड्या रिसेप्टरला उजवा भागच नसतो. औषध बसणार कुठे? डावी रेघ तशीच, काम चालूच.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. पेशीकेंद्रकात रिसेप्टरचे थेंब जमतात.]

कॅनडात व्हँकुव्हरला मॅरियान सदार यांच्या गटाने या डाव्या भागाला धरणारा ईपीआय-००१ हा रेणू २०१० मध्ये जाहीर केला. शोधाची सुरुवात समुद्री स्पंजाच्या अर्कातून. बार्सिलोनात झेवियर साल्वातेला यांच्या गटाने हे थेंब तपासले. इथे रिसेप्टर दाटीने जमतो, आणि त्या बिनआकाराच्या भागातही क्षणभर खाचा तयार होतात. त्या हेरून त्यांनी रेणू सुधारला, जास्त जोरकस केला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

[दृश्य: गोळ्यांची पाकिटं.]

रुग्णांवरच्या चाचण्या मात्र अडखळल्या. ईपीआय-००१च्याच घराण्यातल्या ईपीआय-५०६च्या वेळी गोळ्याच फार घ्याव्या लागायच्या. त्यानंतरच्या मासोफानिटेनची एन्झालुटामाइडसोबतची चाचणी २०२४ मध्ये थांबली, जोडीने दिल्याचा जास्तीचा फायदा दिसेना म्हणून. ओपीडीत आज तरी रिसेप्टरवर बसणारी औषधं उजव्या गोलाचीच आहेत.