सोनखत: टँकर बांधावर येण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या खताबद्दल बोलणार आहे, त्याचा विषय निघाला की माणसं पदर, रुमाल नाकाला लावतात. पण भाषा आपली उदार. गुरांच्या शेणाचं ते नुसतं शेणखत, आणि माणसाच्या मैल्याचं मात्र सोनखत!

कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी या खतासाठी संडासाची वेगळी रचना करून दाखवली. तिकडे बंगळूरला डॉ. आचार्यांनी 1939 च्या सुमारास चरात कचऱ्याचा थर, त्यावर मैल्याचा पातळ थर, परत कचरा अशी पद्धत बसवली. चार-सहा महिन्यांत खत तयार. तिला बंगळूर पद्धतच म्हणतात.

आता मैला टोपलीतून येत नाही, सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरमधून येतो. ड्रायव्हर बांधावर थांबून विचारतो, "दादा, कुठं सोडू? फुकटात आहे." आणि आपण म्हणतो, सोड तिकडं खालच्या पट्टीत. मंडळी, हे करू नका. त्या काळ्या पाण्यात जंतांची अंडी असतात, आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात. अनवाणी निंदायला बसलेली बाई, बांधावर खेळणारं पोर, त्यांच्यापर्यंत ती पोचतात.

मग करायचं काय? गाळ आधी रेतीच्या वाफ्यांवर वाळवायचा आणि मग ओल्या कचऱ्यात आणि पालापाचोळ्यात मिसळून ढीग लावायचा. कर्नाटकात देवनहळ्ळीला 2015 पासून टाक्यांतला मैला शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथला वाळलेला गाळ पुढे गावच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवायला लागले.

ऐकायला सोपं वाटतं. मी एका नगरपालिकेच्या कचरा डेपोवर होतो, तेव्हा आमचा पहिला ढीग साफ फसला. गाळ अर्धवट वाळलेला, त्यात भाजी मंडईतला कचरा, म्हणजे ओल्यात ओलं. तिसऱ्या दिवशी अळ्या वळवळायला लागल्या आणि चौथ्या दिवशी शेजारची वस्ती आमच्या दारात! चूक साधी होती. गाळात नत्र भरपूर, कर्ब कमी. ढिगाला एका भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, आणि तो येतो पाचट, भुसा, पालापाचोळ्यातून. पुढच्या वेळी पाचट कापून घातलं, मूठ दाबून पाहिली. बोटांतून पाणी गळता कामा नये, पण हाताला ओल लागली पाहिजे. दोन दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसली, थोड्या वेळानं उपसली, तर हातात धरवेना.

तोच चटका जंतू मारतो. अमेरिकेत उघड्यावरच्या ढिगासाठी नियम आहे: 55 अंश किंवा जास्त उष्णता पंधरा दिवस, आणि तेवढ्यात निदान पाच वेळा पालटणी, म्हणजे ढीग खालीवर करणं. पालटणी कशाला, तर बाहेरचा थर गारच राहतो. त्यातली अंडी आत गेल्याशिवाय मरत नाहीत. मजूर टाळाटाळ करतात ती नेमकी इथं. आणि खरं सांगायचं तर साहेबही करतात. पालटणी झाली की अजून दोन-तीन महिने ढीग मुरू द्यायचा.

पण एक गोष्ट चटक्यानं जात नाही: जड धातू. गावातल्या घरांच्या टाक्यांतला गाळ वेगळा आणि कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेल्या गटाराचा गाळ वेगळा. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला, म्हणजे शहरातल्या कचऱ्याच्या खताला, मर्यादा घातलेल्या आहेत. कॅडमियम किलोमागे 5 मिलिग्रॅम, शिसं 100. म्हणून ट्रॉली ठरवण्याआधी तपासणीचा कागद मागा. "साहेबांकडं आहे" म्हणाले, तर साहेबांकडं जाऊन बघा.

कागद नीट असला तरी मी ते मेथी, कोथिंबीर, गाजराला घालणार नाही, म्हणजे मातीला लागून वाढतं आणि आपण कच्चं खातो अशा कशालाच नाही. ऊस, कपाशी, आंब्याची आळी, बांधावरचा साग, तिथं बिनधास्त घाला. पेरणीआधी मातीत मिसळून घ्या.

आणि वासाचं विचाराल, तर तयार खताची मूठ मी घरी नेली होती. आमच्या सौभाग्यवतींनी ती ओळखलीच नाही. कुंडीत घालून मोकळ्या झाल्या, मग विचारलं, "कुठली माती हो ही?"