एका फांदीवरचे तिघं

(पडदा काळा. फक्त आवाज.)

ऐकताय ना? वाटतंय की कुणीतरी पोरगं शाळा सुटल्यावर निवांत शीळ घालत घरी चाललंय, पण पोरगं नाही हो, हा मलबारी कस्तूर. पहाटेची वेळ, कोयनेच्या जलाशयावरचं जंगल, जिल्हा सातारा.

(झाडाला बांधलेली छोटी डबी.)

हा आमचा ऑडिओमॉथ, जंगलातले आवाज आपोआप टिपून ठेवणारी डबी. तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड, बस. 48 किलोहर्ट्झवर ठेवला तर तासाला साधारण 345 एमबी खातो, म्हणून सलग नाही लावत, दर पाच मिनिटांतलं एकच मिनिट, मग 64 जीबीचं कार्ड महिनाभर आरामात पुरतं. कॅमेरा ट्रॅपला समोरून गेलं तेवढंच दिसतं, इथं मागनं, झाडावरनं, धुक्यातनं जे येईल ते सगळं पडतं. सांबराचं ‘ढांक’, भेकराचं भुंकणं, पावसाळ्यात बेडकांचे नर, आणि त्यांची तर जात तशी हाक. पुढच्या वर्षी त्याच झाडावर, त्याच महिन्यात परत लावायचं, मग कोण गप्प झालं ते कळायला लागतं. मोजणी मात्र होत नाही यात, दहा हाका म्हणजे दहा पाखरं असं थोडंच असतं!

(पहिल्या पावसाळ्यात आमच्या कार्डावर काय आलं? डबीवर पडणारा पाऊस. रात्रभर. असो.)

(लॅपटॉपवर आवाजाचं चित्र.)

आता गंमत. फाइल बर्डनेटला, म्हणजे आवाजावरून पाखरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली, त्यानं एका मिनिटाच्या आवाजात तीन नावं काढली, तुरेवाला सर्पगरुड, सातभाई, शिक्रा, आम्ही खूश! गावातल्या तात्यांना हेडफोन दिला, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि हसायलाच लागले.

“आरं बाळा, एका फांदीवर बसून तिघं असं पाळीपाळीनं बोलत्यात व्हय? ह्यो कोतवाल हाय, लांब शेपटीचा.”

म्हणजे भृंगराज. दुसऱ्यांच्या नकला करण्यात याचा हात कुणी धरत नाही, सॉफ्टवेअरला बरोब्बर गंडवलं की त्यानं. आता आमच्याकडं यादी आधी तात्यांच्या कानाखालनं जाते, मगच पुढं.

(एक्सेल शीट.)

गरुड खोडला, सातभाई खोडले, भृंगराज लिहिला. शिक्र्यापुढं प्रश्नचिन्ह तसंच आहे, कारण तिसऱ्यांदा ऐकल्यावर तात्याच हेडफोन काढत म्हणाले, “ह्यो मातर खरा बी असंल.”